पाठमोऱ्या घनश्यामचे प्रकरण

शहापूरच्या घनश्याम सेलोकरचं स्वतःविषयीचं मत फार चांगलं होतं आणि ते बदलावं असा पुरावा त्याला आजवर सापडला नव्हता. नाक गरुडाचं, नजर घारीची आणि डोकं, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, 'या जिल्ह्याच्या मानाने जरा जास्तच'. हायवेलगतच्या त्याच्या दुकानावर पाटी होती: 'सेलोकर कृषी केंद्र. फवारणी पंप, कीटकनाशके व गुप्त तपास.' खाली बारीक अक्षरांत, 'कीड कोणतीही असो'. गिऱ्हाईक तुडतुड्यांवर औषध मागायला आलं तरी घनश्याम आधी त्याच्या चपला न्याहाळी आणि तुम्ही चिखलातून आलात, असं गंभीरपणे सांगे. धानाच्या हंगामात अख्खा तालुका चिखलातूनच येतो, हे त्याला सांगायचं कोणी?

त्याच्या नावावर एक मोठं प्रकरण जमा होतं. कारध्याच्या एका माणसाची बदकं नाहीशी झाली होती. घनश्यामने नदीपलीकडच्या तीन गावांवर संशय घेतला, पुलाखाली दबा धरला, सर्दी करून घेतली, आणि त्याच संध्याकाळी बदकं आपली आपण घरी आली. घनश्यामच्या मते ती घाबरून परतली.

मदतनीस म्हणून सख्खा धाकटा भाऊ चंद्रकुमार होता. त्याचं काम दादा बोलेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि नंतर जागा नाही म्हणून पुसायचं. हा सज्जन माणूस सारं मुकाट्याने सोसत होता, कारण दुकान एकच होतं आणि आईही एकच.

घनश्यामच्या कारकिर्दीला एकच अडचण होती, ती म्हणजे चंद्रकुमारचं लग्न. रुखमिणी घरात आली, घनश्याम तिचा भासरा म्हणजे थोरला दीर झाला आणि ती त्याची भावसून. आता भासरा आणि भावसून यांचं नातं त्या घरात सीमेवरच्या दोन फौजांसारखं पाळलं जाई. भावसुनेने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला शिवायचं नाही. भासऱ्याने तिच्याकडे पाहायचं नाही, आणि घरात शिरण्याआधी खाकरायचं, म्हणजे तिला पदर सावरून आत जाता येतं. घनश्याम नियमाचा पक्का. उंबरठा दिसला की तो खाकरायचा. पुढे पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की कुठेही धाड टाकायची तरी तो दाराबाहेर थांबून आधी दणदणीत खाकरे आणि मग अचानक आत शिरे. आत कोणी सापडत नाही, याचं त्याला नवल वाटे.

तर त्या वर्षी कोजागिरीनंतर गावातल्या चित्रकार मंडळाने 'शरद आणि निसर्ग' नावाचं प्रदर्शन भरवलं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मंगल कार्यालय रिकामंच होतं, तोच हॉल मिळाला. अध्यक्ष मधुकरराव, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. शरद म्हणजे पानगळ, असं त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलेलं, म्हणून त्यांनी लालभडक मेपलची झाडं काढली. मेपल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. शहापुरात शरदात पान गळत नाही, धान पिकतो, असं कोणीतरी म्हणालं तेव्हा मधुकरराव दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मंडळात रुखमिणीही होती. तिचं चित्र काढणं दुपारचं, घरातली भांडी आवरल्यावर. फवारणी पंपांची खोकी दुकानातून घरी येत, त्यांच्या पुठ्ठ्यांवर ती काढी: शिंगाड्याच्या बोडीतलं, म्हणजे लहानशा तळ्यातलं, हिरवं पाणी, पिवळा पडत चाललेला धान, वैनगंगेच्या काठचं पांढरं काशगवत. तिची चित्रं चार भिंतींबाहेर पहिल्यांदाच आली होती. शेवटच्या दिवशी नागपूरहून उर्वशीबाई येणार होत्या. त्यांची तिथे गॅलरी आहे. सगळ्यांना समोर बसवून चित्र काढायला लावायचं आणि एकाला नागपूरच्या प्रदर्शनात न्यायचं, असं ठरलं होतं. रुखमिणी कोणाला काही बोलली नाही, पण त्या दिवसाच्या विचाराने तिची भाजी सलग तीनदा खारट झाली. घनश्यामने एकही चित्र पाहिलं नव्हतं. जिथे चित्र तिथे भावसून, म्हणून त्याची मान खाली.

आणि प्रदर्शनात घनश्यामही होता. भय्याजी पेंटरने त्याचं पुरुषभर उंचीचं चित्र काढलं होतं: पिकल्या धानात उभा, हातात भिंग, नजर समोर. निसर्गाच्या प्रदर्शनात हे कायले, असं मधुकररावांनी विचारलं, तेव्हा माणूस हाही निसर्गच आहे, असं घनश्यामने उत्तर दिलं आणि हॉलच्या पंख्यांची दुरुस्ती आपल्याकडून करून दिली. चित्राची एक खुबी होती. हॉलमध्ये कुठेही उभे राहा, ते डोळे तुमच्याकडेच बघत. भय्याजी सगळ्यांना कोपऱ्या-कोपऱ्यात उभं करून ते दाखवी. घनश्याम म्हणे, आता पहारेकरी नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी घनश्यामने हॉलबाहेर मोटारसायकल लावली, खाकरला आणि आत आला. हॉल रिकामा होता. चित्राचं तोंड भिंतीकडे होतं.

त्याने ते सरळ केलं. संध्याकाळी आला, खाकरला, आत शिरला. पुन्हा भिंतीकडे. तिसऱ्या दिवशीही तेच. घनश्यामच्या अंगावर काटा आला आणि मनातून तो फार सुखावलाही, कारण ज्याच्या चित्रालाही शत्रू असतात तो लहान माणूस नव्हे.

"चंद्रकुमार," तो म्हणाला, "माह्या नजरेले कोणीतरी भिऊन राहिलं. रेकॉर्ड कर."

चौकटीच्या कडेला त्याला ओरखडे दिसले. बोटांचे ठसे मात्र कुठेच नव्हते. त्यावरून त्याने गुन्हेगार सात फूट उंच, नखं वाढवलेला आणि दूर उभा राहून काम करणारा असल्याचं अनुमान काढलं. गावात सात फुटी माणूस नव्हता. घनश्यामच्या मते यातच त्याची हुशारी दिसत होती.

पहिला संशय मधुकररावांवर गेला. त्यांची उंची जेमतेम पाच फूट, पण मेपलच्या समोरच धानातला घनश्याम लटकलेला, तेव्हा मत्सर सात फुटांचा असू शकतो. मधुकररावांनी सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि थंडपणे म्हणाले, "मी मास्तर होतो. पोट्ट्यायचं तोंड भिंतीकडं करत होतो, चित्राचं नाई."

मग मँगनीज आलं. चित्राचा खिळा भय्याजीच्या साळ्याने दिला होता आणि साळा चिखल्याला मँगनीजच्या खाणीत कामाला. घनश्यामच्या डोक्यात प्रकाश पडला. चिखल्याचा खिळा चिखल्याकडे ओढ घेणार, चित्र आपोआप गरकन फिरणार. त्याने मोबाईलमधलं होकायंत्र लावून पाहिलं. होकायंत्र चहाच्या टपरीकडे बोट दाखवत राहिलं. भय्याजी म्हणाला की खिळा गावातल्याच दुकानातून आणलेला आहे, साळ्याने फक्त दुकान दाखवलं होतं. घनश्यामने ही गोष्ट बाजूला ठेवली, कारण ती तपासाला मदत करत नव्हती.

मग सापळा. चित्राखाली त्याने तांदळाचं पीठ पसरून ठेवलं, पावलं उमटावीत म्हणून. सकाळी येऊन पाहतो तर प्रदर्शनाला आलेल्या बायकांनी कोणाचीतरी रांगोळी अर्धवट राहिली असं समजून ती पुरी केली होती. मोर फार सुरेख उतरला होता. मधुकररावांनी त्यालाही क्रमांक दिला.

आता एकच साक्षीदार उरली. हॉलची किल्ली रुखमिणीकडे असे आणि ती दिवसभर तिथेच बसे, नेमकी चित्रासमोर. पण घनश्याम खाकरला की ती पडद्यामागच्या स्वयंपाकघरात जाई. तेव्हा जबानी पडद्याआडून घ्यावी लागली. घनश्याम भिंतीवरच्या पालीकडे बघत विचारी, चंद्रकुमार ते पडद्याला सांगे, पडदा उत्तर देई आणि चंद्रकुमार ते पालीपर्यंत आणून पोचवी. परका माणूस आला होता का, याचं उत्तर 'नाही' आलं. चित्राला कोणी हात लावला का, याचंही 'कोणीच नाही' असं आलं. तू काही केलंस का, हे घनश्यामने विचारलं नाही. भावसून भासऱ्याच्या चित्राला तरी शिवेल का? असा विचार मनात आणणंही त्याला गैर वाटलं. रुखमिणी खोटं बोलली नव्हती, एवढं आपण इथेच सांगून टाकू.

शेवटच्या दिवशी घनश्यामने दोन कामं केली. भय्याजीला ड्रिल मशीन आणायला लावून चित्र चार स्क्रूंनी भिंतीत पक्कं ठोकलं, तोंड समोर करून. आणि जाहीर केलं की गुन्हेगार सापडेपर्यंत कोणीही हॉल सोडणार नाही, भिंतीवरची चित्रं उतरवणार नाही, सगळे त्या नजरेसमोर बसतील आणि दोषी आपोआप ढासळेल. भय्याजी मशीन घेऊन दुसऱ्या कामावर निघून गेला. मधुकरराव मात्र खरोखर चिडले. आठवडाभर चोर ठरून त्यांचा अंत झाला होता. त्यांनी खिशातून कुलूप काढलं आणि म्हणाले, "असंच असन तर प्रदर्शन आताच बंद. नागपूरच्या बाईले फोन करतो, येऊ नका म्हणून."

त्यांनी नंबर लावायलाही घेतला. रुखमिणी आपल्या खुर्चीवर होती, कारण आज पडद्यामागे जायलाही बंदी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. एका हाताने तो धरलेला, दुसऱ्या हातात कुंचला, मांडीवर पुठ्ठा, आणि पुठ्ठा काही तिला दिसत नव्हता. हिरवा रंग तिच्या लुगड्यावर सांडला होता. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब पुठ्ठ्यावर पडला, तो रंगाचा नव्हता.

नेमकी तेव्हाच घनश्यामची आई बायजाबाई नातेवाइकांकडून शिंगाडे घेऊन प्रदर्शन पाहायला आली. दारातच थांबली. समोरचं चित्र पाहिलं. चित्राचे डोळे कुठे बघतायत ते पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

"भासऱ्याच्या नजरेसमोर पोरीले दिवसभर बसवलं," ती म्हणाली, "अन् चोर शोधून राहिले?"

बायजाबाईने सुनेच्या कानाशी काही विचारलं. पदराआडून बारीक आवाज आला, "हात नाई लावला जी. बांबूनं फिरवलं." भिंतीला टेकून कोळ्यांची जाळी काढायचा लांब बांबू उभा होता. टोकाला चौकटीचा सोनेरी रंग लागला होता. सात फुटी गुन्हेगार पहिल्या दिवसापासून तिथेच उभा होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

घनश्यामने मलाही तोच संशय होता असं म्हणण्यासाठी तोंड उघडलं. ते वाक्य त्याच्याकडे कायम तयार असे. पण त्याला पुठ्ठ्यावरचा तो थेंब दिसला, आणि वाक्य कुठे गेलं ते कळलं नाही. त्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण खाकरत आलो ते हिला सुखाने वावरता यावं म्हणून, आणि इथे तिच्या डोक्यावर आपणच आपले डोळे चार स्क्रू लावून बसवलेले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. उर्वशीबाई आल्या होत्या.

स्क्रू निघेनात. भय्याजीचा फोन लागेना. चादर टाकावी तर खिळा नाही. मग घनश्याम सेलोकर ताडताड चालत चित्रापाशी गेला, एका स्टुलावर चढला, भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतःच्या चित्राच्या डोळ्यांवर स्वतःचं डोकं टेकवून उभा राहिला.

"सांग तिले, काढ म्हणा," तो भिंतीत बोलला. "आता कोणीच पाहून नाई राहिलं. ना हा, ना मी."

तो तसाच उभा राहिला. इतक्या जवळून त्याच्या लक्षात आलं की भय्याजीने डावा डोळा जरा तिरळा काढलाय. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. बांगड्या वाजल्या, पदर सरकला, पाण्यात कुंचला खळखळला. मग चपलांचा आवाज त्याच्या पाठीशी येऊन थांबला. हे मांडणशिल्प कोणाचं, असं उर्वशीबाई विचारत होत्या. माणूस आपल्याच प्रतिमेला नाक लावून उभा आहे, ही कल्पना त्यांना फार धाडसी वाटली. मधुकररावांनी खोकत सांगितलं की हे मंडळाचं सामूहिक काम आहे. उर्वशीबाईंनी घनश्यामच्या पाठीचे दोन फोटो काढले आणि श्वास किती खरा वाटतो म्हणाल्या. घनश्यामच्या पोटऱ्या दुखत होत्या, पण तो हलला नाही. आयुष्यातला पहिलाच दबा होता जो त्याने खाकरल्याशिवाय धरला होता.

बऱ्याच वेळाने टाळ्या झाल्या. चंद्रकुमार येऊन दादाच्या पायाला हात लावून गेला. त्यावरून घनश्यामने अनुमान काढलं की निवड रुखमिणीची झाली. हे अनुमान बरोबर निघालं. त्याचं हे पहिलंच.

गाडी गेल्यावर पाठीमागून एक आवाज आला, ओळखीचा नसलेला. लग्नापासून तो कधी त्याच्या दिशेने आलाच नव्हता.

"भाऊजी, आता उतरा. चित्र पाहून घ्या. मी मांगं जातो."

पावलं पडद्याकडे गेली. घनश्याम उतरला, वळला आणि त्याने भावसुनेचं चित्र पहिल्यांदा पाहिलं. काठोकाठ भरलेली बोडी, पाण्यावर शिंगाड्याची पानं, पलीकडे ऊन पिऊन पिवळा झालेला धान, आणि या सगळ्याकडे पाठ करून कोपऱ्यात एक छोटा माणूस. वाकून भिंगातून जमिनीवरचं काहीतरी शोधणारा. मागे एवढा शरद पसरलेला आणि त्याचा तिकडे पत्ताच नाही. घनश्याम कितीतरी वेळ बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"लय सुंदर आहे," तो शेवटी म्हणाला. मग वाकला, खिशातून भिंग काढलं आणि कोपरा नीट न्याहाळला. "चंद्रकुमार, रेकॉर्ड कर. हा पाठमोरा इसम कोण? गावातला दिसत नाई. काही तरी भानगड करून राहिला."

पडद्यामागून हसू आलं, आधी दाबलेलं, मग खळखळून मोकळं. घनश्यामने सवयीने मान खाली घातली, पण खाकरला नाही.