कोऱ्या चेहऱ्याचे भामरे आण्णा

भामरे आण्णा रोज सकाळी कारखान्याच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहून चेहरा कोरा ठेवायचा सराव करत. भुवई हलता कामा नये, ओठ मुडपता कामा नये. मागे कामगारांची रांग लागे. कुणी खाकरलं, की आण्णा त्याच कोऱ्या चेहऱ्याने बाजूला होत आणि म्हणत, "आतलं रीडिंग झिरो."

आण्णा अंबडच्या आमच्या कारखान्यात माल तपासायला होते, मी स्टोअरला. मूळचे देवळ्याकडचे. दीड वर्षापूर्वी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, वारल्या. त्यानंतर महिनाभरात आण्णा सिडकोत माझ्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायला आले. जुनं घर विकलं असावं, असं मी धरून चाललो. विचारायचं धाडस झालं नाही.

सिनेमांचं वेड त्या खोलीतच लागलं. सगळे एकाच जातीचे सिनेमे. त्यातल्या माणसाला कशाचं काही वाटत नाही. आई गेली तरी नाही, बायको सोडून गेली तरी नाही. मग काहीतरी वाटावं म्हणून तो बँका फोडतो, भरधाव गाड्या पळवतो, पोलिसांच्या नाकासमोरून निसटतो. जेवणाच्या सुट्टीत आण्णा मोबाइल डब्याला टेकवून हे बघत आणि मला समजावत. "बघ दीपक, कसा बसलाय! सोळा पोलीस दाराशी, अन् गडी कॉफी पितोय. आपण तसलेच." हे सांगताना बाकाखाली त्यांचा पाय असा हलत असे, की माझ्या डब्यातली आमटी हिंदकळायची.

शांत बसणं त्यांच्या नशिबातच नव्हतं. मिसळीच्या दुकानात तर्री तीनदा मागून घेत. डोळ्यांतून धारा लागल्या, की बोट वर करून सांगत, "हे मिरचीचं पाणी. गैरसमज नको."

मग सिनेमा बघणं पुरेना. 'थ्रिल' हवं झालं. एका रविवारी ओळखदेख नसलेल्या लग्नात शिरले, स्टेजवर चढून नवरा-नवरीबरोबर फोटो काढून आले. पण मुलीची पाठवणी सुरू झाली तेव्हा तिच्या मामाला धरून यांनीच सावरलं म्हणे. एकदा भाजीवालीच्या टोपलीतून तीन मिरच्या लांबवल्या. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून भाव न करता किलोभर गिलकी घेऊन आले. आठवडाभर मला गिलक्याची भाजी.

आणि एप्रिलात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडं आधी, आण्णा स्टोअरच्या खिडकीशी येऊन कुजबुजले, "उद्या दुपारी घर फोडायचंय. तू गाडी चालव."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दाखवला, साहेबांच्या सहीसकट. कारण : घरगुती काम.

त्यांना एकटं सोडलं तर कुठल्या तरी जमावाचा मार खाऊन येतील, म्हणून मी गेलो. पाथर्डी फाट्याकडची तीनमजली इमारत. दुपारचे दोन, सगळीकडे पंखे गरगरताहेत. आण्णांनी काळा चष्मा लावला आणि हातात लोकरीचे मोजे घातले. रणरणत्या उन्हात, लोकरीचे! दुसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी थांबून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कडीचे स्क्रू पिळायला लागले. स्क्रू ड्रायव्हर सारखा सटकून दारावर खण् खण् वाजत होता.

समोरच्या घराचं दार उघडलं. एक वयस्कर बाई बाहेर आल्या, आमच्याकडे बघत राहिल्या.

"अगं बाई, भामरे भाऊ! किती दिवसांनी! किल्ली हरवली का?"

घाम पुसायला आण्णांनी खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला.

बाईंनी त्या किल्ल्यांकडे पाहिलं, आण्णांकडे पाहिलं. "चहा टाकते," एवढंच म्हणून आत गेल्या.

"आण्णा, हे तुमचंच घर?"

ते जिन्याच्या पायरीवर बसले. चष्मा काढला. "पोरीचा फोन आला पुण्याहून. आखाजीला मांडे करायचेत तिला. म्हणे, पप्पा, आईचं खापर आणून द्या. चारदा आलो दीपक. किल्ली लावली अन् माघारी फिरलो. किल्लीनं उघडलं की नवरा म्हणून आत जावं लागतं." मोज्यानेच कपाळ पुसत म्हणाले, "मंग म्हटलं, चोर होऊन जावं. चोराला काय वाटत नाय."

मी किल्ल्या उचलल्या, दार उघडलं आणि पुढे झालो. आण्णा माझ्या मागे, माझ्या शर्टाचं टोक धरून.

खापर माळ्यावर होतं. भल्या मोठ्या मडक्यासारखं, चुलीवर पालथं घालून मांडे भाजायचं ते. वहिनी गच्चीवर विटांची चूल मांडून करायच्या म्हणे. साडीत गुंडाळून ठेवलेलं. आण्णांनी मोजे काढले आणि उघड्या हातांनी ते उतरवून घेतलं.

परतताना ते मागे बसले, खापर मांडीवर. प्रत्येक गतिरोधकाला ओरडत, "हळू, भो, हळू!"

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरून एक बाई वाकून बघायला लागल्या. "काका, खापर ना? कुठं मिळालं?"

"मिळालं नाय, आमच्या घरातलं हे," आण्णा म्हणाले. "आमच्या हिचं. काय मांडा करायची! हातावर असा फिरवायची, असा, पार कोपरापर्यंत. त्यातून पलीकडचं माणूस दिसायचं बघा..."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. बाईही हलल्या नाहीत, आणि मीही गाडी पुढे घेतली नाही.