हळद जीपमधूनच जाणार!

आमच्या सासुरवाडीत कुणाचंही लग्न असू द्या, नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडं जाणार ती माझ्याच जीपमधून! बावीस वर्षं झाली या गोष्टीला. नवरदेवाला लावून उरलेली हळद स्टीलच्या डब्यात भरायची, डबा जीपमध्ये पुढच्या सीटवर, आणि स्टेअरिंगवर मी. फेटा बांधून! नवरीच्या दारात जीप थांबली, की तिकडच्या बायका आधी चाकांवर पाणी घालणार, मग मला कुंकू लावणार. आमदाराला काय मान असेल, असा मान!

आणि यंदा त्या मानावर टपून बसली आमच्या साडूची नवी गाडी.

साडू म्हणजे हंबीरराव. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयानं माझ्याहून सात वर्षांनी लहान! तिकडं तमिळनाडूत त्याचं गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. मेहुण्याच्या पोराच्या लग्नाला आला तो पांढरीशुभ्र गाडी घेऊनच. तिचं छत उघडतं! बटण दाबलं की उघडतं. आता मला सांगा, म्हसवडच्या उन्हात छत उघडून माणसानं करायचं काय? पण अख्खी सासुरवाडी त्या भोकातून डोकी बाहेर काढून फोटो काढत होती. त्यात माझी बायकोसुद्धा! लपवत नाही, मला लय जळायला झालं. पोटात अशी आग पडली, की वर तवा ठेवला असता तर भाकरी भाजली असती.

नेमकी त्याच आठवड्यात जीप वाफा सोडायला लागली. नेली बिराप्पा मिस्त्रीकडं.

"जोतीरामदादा, हेड गॅस्केट उडालंय," बिराप्पा म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे पाणी ऑइलात गेलंय आन् ऑइल पाण्यात. हे बघा." त्यानं ऑइलची पट्टी वर काढली. पट्टीवर ऑइल कुठलं, दुधाचा चहा होता!

"मग आता?"

"हेड खोलायला लागंल. आठ दिस. न्हाईतर सरळ भंगारात घाला, वय झालंय तिचं. पर आशी चालवू नका, इंजन जाम हुईल."

आठ दिवस! आणि लग्न चार दिवसांवर!

घरी आलो तर बायको म्हणाली, "आवं, इका की ती एकदाची! खर्च करून परत खटाराच राहणार."

"मग हळद कोण नेणार?"

"हंबीररावांची गाडी हाय की. एसी हाय तिच्यात."

"हळद काय आइस्क्रीम हाय व्हय, इरघळायला?"

मी ठरवलं. जीप विकायची नाही आणि हेडही खोलायचं नाही. बिराप्पाला काय कळतंय! मी पंचवीस वर्षं गाडी हाणलेला माणूस. रेडिएटर गळायला लागला की जुने ड्रायव्हर त्यात चिमूटभर हळद टाकायचे आणि गळती थांबायची. पाणीच जातंय ना? मग हळद! घरातला हळदीचा डबा रेडिएटरमध्ये रिकामा केला आणि बिरोबाच्या देवळापर्यंत एक चक्कर मारली. जीप गारेगार! गॅस्केट वेगळं आणि गळती वेगळी, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणजे बिराप्पानं सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं. बायको मात्र दोन दिवस पिवळ्या रंगाशिवाय आमटी करत होती आणि हळद कुणी नेली म्हणून शेजारणीवर डोळा ठेवून होती.

लग्नाच्या सकाळी अमृतला, म्हणजे नवरदेवाला, हळद लागली. माझा मेहुणा नानासो, नवरदेवाचा बाप, माझ्याजवळ आला. "दाजी, औंदा हळद हंबीररावांच्या गाडीतनं जाऊ द्या. तुमची जीप जरा..."

"जरा काय? बावीस वरसं नेतोय! एकदा तरी सांडली का?"

"न्हाई, सांडली न्हाई, पर..."

"मग संपलं!"

नानासोनं हात जोडले. हळद जीपमध्ये आली खरी, पण सगळ्या करवल्या झाल्या पसार! कुठं? साडूच्या एसीत! माझ्या वाटणीला आली एकटी सुलाबाई, नानासोची म्हातारी आत्या. तिला बंद गाडीत उलटी होते. डबा मांडीवर घेऊन बसली आणि गाव सुटायच्या आत घोरायला लागली.

नवरीचं गाव आटपाडीच्या पलीकडं. दिघंचीपर्यंत जीप झकास आली. पुढं मात्र काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ! थांबलो. पुढं गेलेली पांढरी गाडी मागं आली. छत उघडलं, वर चार करवल्या आल्या, आणि खिडकीतून साडू म्हणाला, "साडूबुवा, टोचन लावू का?"

टोचन! दोर लावून मला ओढणार! त्याच्या गाडीमागं! फेटा बांधून!

"काय न्हाई, इंजनाला जरा दम देतोय. तुमी व्हा म्होरं!" मी ओरडलो.

ते गेले. इंजिन निवेपर्यंत मी डब्याकडं बघत बसलो. एक चमचा. देवाशपथ, एकच चमचा घ्यायचा होता! कॅनमधलं पाणी ओतलं, चमचाभर हळद सोडली. खालून बुडबुडे आले. अजून एक चमचा. बुडबुडे चालूच. अहो, मग हात थांबेचना! डोळ्यांपुढं साडूची टोचनाची दोरी दिसायची, की गेला चमचा आत! शेवटी डबा विसळूनसुद्धा ओतला, वाया नको म्हणून. झाकण लावलं आणि हळूच डबा परत आत्याच्या मांडीवर ठेवला. वाटलं, गावात गेल्यावर दुकानातनं पुडी घेऊ, कालवू, कुणाला कळतंय!

जीप चालू झाली. मागून पांढरा धूर निघत होता, पण चालू झाली! दुकानाशी थांबली तर परत उठायची नाही, म्हणून थांबलोच नाही, सरळ नवरीच्या दारात. तिथं साडू पोरांना छत उघडून दाखवत उभा होता. मी जीप मुद्दाम त्याच्या गाडीला चिकटवून लावली. बघू दे लोकांना, मान कुणाचा ते! खाली उतरून ऐटीत बॉनेट उघडलं. बायका चाकांवर पाणी घालायला तांबे घेऊन निघाल्या, आणि घाईत अर्धंच बसवलेलं रेडिएटरचं झाकण उडालं!

फुस्सऽऽ! पिवळं कारंजं उठलं ते वर, आणि आलं ते थेट साडूच्या उघड्या छतातून आत! नेम धरून मारलं असतं तरी असं बसलं नसतं. गाडीत कुणी नव्हतं हे नशीब. सीट पिवळी, काच पिवळी, मागची एसीची जाळी पिवळी! साडूचा आ वासलेला. खरं सांगू? क्षणभर मला लय गार वाटलं.

तेवढ्यात नवरीची चुलती आतून ओरडली, "हळद आणा! पोरगी पाटावर बसलीया!"

सुलाबाई जागी झाली. डबा उघडला. आत तिचं तोंड दिसेल इतका लख्ख!

"जावयबापू, हळद कुठाय?"

"आत्या... जीपमधीच हाय."

"जीपमधी कुठं?"

मी रेडिएटरकडं बोट केलं. वाजंत्री थांबली. नवरीच्या बापाचा चेहरा बघवेना. उष्ट्या हळदीशिवाय पुढचं काहीच होणार नव्हतं, आणि पाटावर बसलेल्या नवरीला, अपेक्षाला, आतून सगळं ऐकू जात होतं. मला फेट्यासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सुलाबाई जीपमधून उतरली. तुरुतुरु साडूच्या गाडीपाशी गेली, आत हात घातला, निवलेल्या सीटवरून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

"ऑइलाचा वास येतोय, पर उष्टीच हाय! आमच्या अमृतच्या अंगची! आणा गं पोरीला!"

झालं! पाट गाडीपाशी आला. सीटवरचा गोळा काढून बायकांनी अपेक्षाला हळद लावली, गाणी म्हटली. हळद ह्याच गाडीतनं निघाली म्हणून कुणीतरी पांढऱ्या गाडीच्या चाकांवर पाणी घातलं. नारळ फोडला. आणि कुंकू? ते साडूच्या कपाळाला! अहो, हळद माझ्या इंजिनातली, मेहनत माझी, कारंजं माझं, आणि मान त्याला! माझी बायको टाळ्या वाजवत होती.

घरी आलो टोचन लावून. फेटा काढून मांडीखाली ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बिराप्पाला म्हटलं, खोल बाबा हेड. त्यानं आठ दिवस गॅस्केटचं आणि दोन दिवस पिवळ्या नळ्या धुवायचं काम केलं. साडूनं मात्र गाडीच्या छतावरचा डाग अजून धुतलेला नाही. येईल त्याला दाखवतो.

परवा नानासोचा फोन आला. पुतण्याचं लग्न काढलंय. "दाजी, जीप झाली का नीट? घेऊन या बरं का!"

माझी छाती फुगली. "हळदीला ना?"

"न्हाई, हळद हंबीररावांच्या गाडीतनं. तिचा पायगुण चांगला हाय. तुमी मांडवात पाण्याचं जार आणा."

गेलो. काय करणार! तीस जार आणले. एक थेंब गळला नाही.