पेटीतली बायको

बायकोने बोलणं बंद केलंय, हे बसड्रायव्हरच्या लक्षात यायलाच उशीर लागला. चहा समोर येत होता, शर्टाला इस्त्री होत होती, त्यामुळे घर नेहमीसारखंच चाललंय असं त्याला वाटत होतं. मग एका सकाळी त्याने विचारलं, "माझे मोजे कुठे गेले?" तर मोजे आले, शब्द आला नाही. तेव्हा कुठे गडी दचकला.

चूक त्याचीच होती. मेव्हण्यासमोर फुशारकी मारताना तो म्हणाला होता, "हिचं बसमधलं बोलणं बरं, बटण दाबलं की बंद!" मेव्हणा पोट धरून हसला. बायको उठून आत गेली आणि अबोला सुरू झाला.

बसमधलं बोलणं म्हणजे असं, की शहरातल्या बसेस एका खासगी कंपनीकडे गेल्या होत्या. कंपनीने कंडक्टर काढले आणि ड्रायव्हरशेजारी एक बोलकी पेटी बसवली. थांब्यांची नावं सांगायला खणखणीत आवाज हवा होता. ड्रायव्हरची बायको बालवाडीत शिकवायची. जी बाई हट्टी पोरांना रांगेत उभं करते तिला प्रवासी काय जड, असा विचार करून कंपनीने तिचाच आवाज भरून घेतला. "पुढचा थांबा, घंटाघर. सावकाश उतरा. स्वतःला जपा."

आता घरात चिडीचूप आणि बसमध्ये दिवसभर तीच. दुपारी रस्ते सुस्तावत. झाडांच्या सावल्या एका खिडकीतून आत शिरून दुसरीतून निघून जात, प्रवासी पेंगत, आणि बस चालतेय की तरंगतेय हेच कळत नसे. अशा वेळी ती म्हणायची, "स्वतःला जपा," आणि ड्रायव्हर समोरच्या काचेकडे बघत हळूच म्हणायचा, "जपतो गं. पण तुझ्याशिवाय करमत नाही बघ." मग तो तिला बरंच काही सांगायचा. लहानपणी आपल्याला होडी चालवायची होती, हेसुद्धा सांगून झालं.

पेटीवर बंद करायच्या बटणाशेजारी एक हिरवं बटण होतं. प्रत्येक थांब्याआधी ते एकदा दाबलं की ती बोलायची. त्या दुपारी फारच गलबलून आलं, म्हणून त्याने ते दाबलं. मग आणखी एकदा दाबलं. मग मोह आवरेना. दर दाबण्याला पेटी एक थांबा पुढे सरकते, हे कंपनीने शिकवलं होतं, पण तेव्हा त्याचं लक्ष बायकोच्या आवाजाकडे होतं.

"पुढचा थांबा, दवाखाना," पेटी म्हणाली. दातदुखीवाले काका गाल धरून उतरले, ते कापडबाजारात. त्याआधीच एक काकू कापडबाजार समजून उतरल्या होत्या आणि मासळीच्या दुकानात पडद्याचं कापड मागू लागल्या. खिडकीबाहेर बघायची तसदी कोणी घेतली नाही. इतक्या ठाम आवाजात बाई सांगतेय म्हटल्यावर कोण बघतो?

तेवढ्यात ऑफिसातून साहेबांचा फोन आला. पेटी म्हणेल त्या थांब्यावर बस आहे, असं त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचं.

"अरे, वेळेआधी कुठे पळतोयस? थांब तिथेच!"

बस तलावाकाठी होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. वारा आत आला, पाणी लखलखलं, कोणीतरी घोरू लागलं. ड्रायव्हरने पुन्हा बटण दाबलं. पेटीच्या हिशेबात शेवटचा थांबा येऊन गेला आणि ती उलटी निघाली.

"आता परत का फिरलास?" साहेब ओरडले.

"साहेब, मी तलावाजवळ उभा आहे."

"थापा मारू नकोस, मला दिसतोयस तू!"

आता प्रवासी जागे झाले. एक आजोबा काठी आपटत म्हणाले, "ही पेटीतली भवानी धडधडीत खोटं बोलतेय!"

"पेटी बिघडलीय," साहेबांनी निकाल दिला. "उद्याच काढतो. मशीनच्या आवाजाची नवी बसवू."

ड्रायव्हरने पेटीवर हात ठेवला. घरातला आवाज गेलाच होता, आता हाही जाणार.

"नका काढू, साहेब! पेटी चांगली आहे. मीच बटण दाबत होतो."

"कशाला?"

"बायको घरी बोलत नाही हो. तेवढाच तिचा आवाज कानावर पडतो."

इंजिन बंद होतं. सगळ्या बसने ऐकलं. कोणी हसलं नाही.

मग ड्रायव्हरच्या पाठीमागे, जिथलं त्याला आरशातही दिसत नाही त्या सीटवरून, तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई उठली.

"भवानी कोणाला म्हणता हो, आजोबा?"

आवाज ओळखून आजोबा काठीसकट खाली बसले. ड्रायव्हरने तर आ वासला. बाईने पेटी बंद केली आणि तिच्याशेजारी टांगलेला माइक हातात घेतला. "सगळ्यांनी जागेवर बसा. खिडकीतून हात आत. पुढचा थांबा, पाण्याची टाकी." सगळ्यांनी हात आत घेतले. आजोबांनी तर हाताची घडी घातली.

"हां, आता पेटी बरोबर बोलतेय," फोनवर साहेब म्हणाले. "राहू दे तीच."

बस पुन्हा निघाली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तिने एकेक माणूस नीट उतरवला. मग रिकाम्या बसमध्ये दोघंच उरले.

"तू रोज याच बसला असतेस?" त्याने घाबरत विचारलं.

"बालवाडी सुटली की याच बसला. दुसरी आली तर सोडून देते."

"मग घरी का बोलत नाहीस गं? एवढं चुकलं का माझं?"

"चुकलं होतंच. पण तो राग कधीच गेला."

"मग?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "अहो, लग्न झाल्यापासून घरात तुम्ही एवढं कधी बोललायत? करमत नाही म्हणे, होडी म्हणे. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी बोलायला लागले असते तर तुम्ही पुन्हा पेपर उघडला असता."

ड्रायव्हरने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ती समोर उभी राहून थेट त्याच्याकडे बघत होती आणि त्याला एक शब्द सुचेना. त्याने घाम पुसला, घसा खाकरला, पुन्हा घाम पुसला.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती त्याच्या पाठीमागच्या सीटवर जाऊन बसली.

"हं," तिथून ती म्हणाली, "आता बोला."

त्याने समोरच्या काचेकडे बघत बस सुरू केली, आणि बोलायला लागला.