फळी, फोल्डर आणि दोन मामा

मोजणीदारांनी माफीपत्र सोमवारी सामायिक फोल्डरमध्ये टाकलं आणि गुरुवारपर्यंत भिंतीपलीकडून हूं की चूं आलं नाही.

भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहत होता. दोघे निवृत्त, दोघे एकटे, आणि दोन वर्षं अबोला. मोजणीदारांनी जन्मभर जमिनी मोजल्या, धाकट्याने छापखान्यात प्रूफं तपासली. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःच्या हातांनी पुस्तकांसाठी फळी ठोकली. पाहुणे वाहवा करत असताना मोजणीदारांनी खिशातून पाणसळ काढून फळीवर ठेवली. बुडबुडा डावीकडे सरकला. "दीड अंश," ते म्हणाले. दोघांचं शेवटचं संभाषण ते तेवढंच.

घर एक, स्वयंपाकघर एक, वेळा वेगळ्या. शेवटी भाचीने दोघांच्या जुन्या संगणकांवर लिनक्स ही हलकी प्रणाली घातली आणि धाकट्याच्या संगणकावरचा एक फोल्डर दोघांत वाटून दिला. 'गॅस संपला', 'बिल भरलं' अशा फायलींवर संसार चालू लागला. वाचून झालं की वाचणाऱ्याने फाइल पुसायची, असा शिरस्ता पडला.

माफीपत्राची फाइल मात्र चार दिवस जिथल्या तिथे. म्हणजे धाकट्याने ती वाचून मुद्दाम पुसली नव्हती, किंवा उघडलीच नव्हती. अपमान दोन्हींत होता; पण नेमका कुठला ते कळल्याशिवाय रागावता येईना. त्याच्याकडूनही बरेच दिवस काही आलं नव्हतं. मोजणीदारांनी भाचीला फोन लावला आणि गॅसच्या फाइलचं निमित्त सांगितलं.

राउटर नवा बसवलाय का, तिने विचारलं. दहा दिवस झाले होते.

"मग धाकट्या मामांच्या संगणकाचा पत्ता बदललाय. तुमचा संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारतोय, तिथे कुणी नाही. तुम्ही टाकलेलं सगळं तुमच्याच डिस्कवर पडलंय."

"म्हणजे चार दिवस मी माझीच माफी मागतोय?"

"कसली माफी?"

"गॅसची," मोजणीदार म्हणाले.

नवा पत्ता धाकट्याच्या पडद्यावरूनच वाचायला हवा होता. भाचीने त्याला फोन केला. पत्ता सापडला, फोल्डरमध्ये टाकतो, दादाला तिथून घ्यायला सांग, असं तो म्हणाला. फोल्डर उघडायलाच पत्ता लागतो हे पटवून देण्यात तिची दहा मिनिटं गेली. शेजारच्या खोलीत जाऊन विचारा, असं तिने दोन्ही मामांना सांगून पाहिलं. पहिला शब्द आपण काढणार नाही, असं दोघांनीही एकाच सुरात सांगितलं.

अखेर तिने दोघांना एकाच वेळी दोन वेगळ्या फोनवर घेतलं. धाकट्याने आकडे तिला सांगायचे, तिने थोरल्याला. भिंत पातळ असल्याने प्रत्येक आकडा आधी भिंतीतून ऐकू येई आणि मग चारशे मैलांवरून फोनवर. मोजणीदार तो फोनवर आल्यावरच लिहीत.

फोल्डर उघडला. मोजणीदारांच्या फायली दिसेनाशा झाल्या आणि तिथे धाकट्याच्या फायली उभ्या राहिल्या. 'गॅस आलाय.' 'नळ दुरुस्त केला.' मग 'वाचत नाहीस का?' मग 'रात्री खोकत होतास. औषध ओट्यावर ठेवलंय.' आणि कालची: 'आज खोकला ऐकू आला नाही. दुपारी चप्पल जागेवर नव्हती, म्हणजे बरा असशील.'

मोजणीदारांनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या.

"माझं पत्र कुठे गेलं गं?"

"खालीच आहे. जुन्या चादरीवर नवी घातल्यासारखं. काढायचं तर फोल्डरची जोडणी पुन्हा तोडावी लागेल, मामा. तोडू?"

"नको," ते घाईने म्हणाले.

ते उठले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेजारचं दार वाजवलं. दार उघडलं नाही, पण आतली खुर्ची सरकली.

"ती फळी कललेली होती हे खरं," मोजणीदार दाराला म्हणाले, "पण चारचौघांत सांगायला नको होतं."

आतली पावलं दारापर्यंत आली.

"लेखी दे," धाकटा म्हणाला. "तोंडी ऐकलेल्यावर माझा विश्वास नाही."

मोजणीदारांनी खोलीत येऊन दोन्ही वाक्यं टाइप केली, फाइल टाकली आणि पडद्यासमोर बसून राहिले. फाइल पुसली गेली नाही. पण थोड्या वेळाने तिच्या शेजारची, शेवटचा बदल केल्याची वेळ बदलली. त्यांनी उघडून पाहिली. पहिलं वाक्य गायब होतं. उरलं होतं फक्त, 'चारचौघांत सांगायला नको होतं.'

मोजणीदार अस्वस्थ झाले. दीड अंश म्हणजे दीड अंश. त्यांनी पहिलं वाक्य होतं तसं परत लिहिलं, अनुस्वारासकट, आणि फाइल बंद करायला घेतली.

केलेले बदल जतन करायचे का, असं संगणकाने विचारलं.

पलीकडे खुर्ची हलेना. मोजणीदारांनी बराच वेळ विचार केला आणि 'नाही' दाबलं.