आत्याच्या कानांची चौकशी

जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या मंडळात एक गंभीर प्रकार घडला. वार्षिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आत्या जिंकली.

आत्या म्हणजे अध्यक्षांची सख्खी आत्या. जन्मापासून तिला दिसत नाही. मारामारीच्या त्या जुनाट गेममध्ये ठोशाचा आवाज वेगळा, लाथेचा वेगळा. तो डावीकडून आला की उजवीकडून, एवढं कळलं की तिला पुरतं. इतकी वर्षं ती पहिल्याच फेरीत हरायची, त्यामुळे मंडळाची तिच्यावर फार माया होती. यंदा तिने गतविजेत्या दंतवैद्यांना लोळवलं. सभासदांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मग निकाल पाहिला.

"त्या ऐकून खेळतात," दंतवैद्यांनी तक्रार केली.

"मग तुम्हीही ऐका ना," अध्यक्ष म्हणाले.

"मी बघण्यात गुंतलेला असतो. दोन्ही कसं जमणार?"

मुद्दा बिनतोड होता. निकाल स्थगित झाला, समिती बसली. गेम ही मूलतः पाहण्याची बाब असल्याने कानांचा वापर ही अतिरिक्त सोय ठरते, असं समितीचं मत पडलं. समान संधीच्या तत्त्वानुसार आवाज बंद करून सामना पुन्हा खेळवायचं ठरलं.

"करा बंद," आत्या म्हणाली. "सवलतबिवलत मला नकोच आहे. जिंकले तर चषक घरी नेणार, एवढंच सांगून ठेवते."

आवाज बंद झाला. आत्या पुन्हा जिंकली. लाथ मारायची असली की दंतवैद्य बटण जोरात दाबतात, हे तिच्या कानांनी टिपलं होतं. त्यांना लोकरीचे हातमोजे देण्यात आले. तरीही तीच जिंकली, कारण ठोसा मारताना ते श्वास रोखत. त्यांनी सामना संपेपर्यंत श्वासच घेऊ नये, ही सूचना समितीने एका मताच्या फरकाने फेटाळली. शेवटी त्यांना वेगळ्या टीव्हीसमोर शेजारच्या खोलीत बसवून दार लावून घेतलं. आत्यासमोर तिचा मुका टीव्ही राहिला. दोन्ही टीव्ही एकाच आकाराचे होते. पक्षपाताला जागाच ठेवली नव्हती.

आत्या हरली.

अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उठून उभं राहिलं. चिटणीसबाईंनी डोळे पुसले. अध्यक्षांना भरून आलं. "आत्या, हरलीस तरी आमच्या मनात खरी विजेती तूच."

"मग चषक दे."

टाळ्या थांबल्या.

"तसं नव्हतं गं म्हणायचं," भाचा पुटपुटला.

आत्याला संताप आला होता. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. कुणीतरी त्या हातात फुलं ठेवली.

हे वाचून कुणाला आत्याचा कैवार घ्यावासा वाटत असेल, तर तशी सोय आहे. दर शनिवारी ती मंडळात आवाज चालू ठेवून बसते आणि समोर एक खुर्ची मांडलेली असते. येताना फक्त चारचौघांत हरायची तयारी ठेवायची. तिच्या जिद्दीला सलाम करणारी पत्रं आजवर ढिगाने आली आहेत. खुर्ची रिकामीच आहे.