इजाजत लाजिमी

रयत सुस्त का असते, या प्रश्नाचा संस्थानाच्या राजधानीत, हैद्राबादेत बसून पुष्कळ विचार झाला आणि तिचं पोट साफ नसतं, असं ठरलं. रयत कचेरीत वेळेवर पोचत नाही, हुकूम ऐकताना जांभया देते, साहेबासमोर आंबट तोंड करते, या सगळ्याचं मूळ सरकारला रयतेच्या आतड्यात सापडलं. मग भोकरदन तालुक्यात गावोगाव जुलाबाच्या बाटल्या रवाना झाल्या. धावड्याच्या वाट्याला एक पेटी आली. बायकांना रयतेत धरायचं राहून गेलं होतं, म्हणून त्या तेवढ्या वाचल्या.

धावड्याचे पटेल, म्हणजे गावचे पाटील, रामराव. पटेलकी आजोबांपासून घरात, आणि रामरावांचा जीव तिच्यातच अडकलेला. एखाद्या हुकमाची तामील चुकेल आणि पटेलकी दुसऱ्याला जाईल, ही धास्ती त्यांना घास गिळतानाही सोडत नसे. तो दुसरा कोण, हेही त्यांना ठाऊक होतं. तो पटवारी राधाकिसनचा मेहुणा होता.

पेटीतल्या कागदावर दवेचे परिणाम उर्दूत छापले होते. गावात उर्दू वाचणारा राधाकिसन एकटाच. त्यामुळे त्याचं उर्दू चुकतं, असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. चावडीसमोर गडीमाणसं जमवून त्यानं कागद डोळ्यांसमोर धरला.

"मळमळ व्हईल. पोटात मुरडा यील. चक्कर यील, अंग गळंल. सरकारला समदं मालूम हाय, घाबरायचं न्हाई." मग त्यानं आवाज चढवला. "आन् खाली जाड अक्षरात लिव्हलंय, दवा के बाद इजाजत लाजिमी है. म्हंजी परवानगी घ्यावीच लागंल."

"कशाची इजाजत?" मेंढरं राखणाऱ्या कचरूनं विचारलं.

"दवा घेतल्यावर ज्याची गरज पडंल, त्याची."

"आन् द्यायची कुणी?"

"पटेलानं. बिलकुल साफ हाय."

रामराव सुखावले. आजवर त्यांच्याकडे कोंडवाड्यातली गुरं सोडण्याचा अधिकार होता. आता माणसंही त्यांच्या शब्दावर सुटणार होती. गावाला कित्ता घालून द्यावा म्हणून त्यांनी पहिली मात्रा सर्वांदेखत स्वतः घेतली, मिशा पुसल्या आणि बैठकीवर मांडी घातली. राधाकिसननं घेतली नाही. अंमलबजावणी करणाराच आडोशाला गेला तर अंमलबजावणी कुणी करायची, असं त्याचं म्हणणं पडलं.

दवा सरकारी असूनही वेळेवर लागू पडली. रांग लागली. रामराव एकेकाला पुढे बोलावून रीतसर चौकशी करू लागले.

"नाव?"

"आवो पटेल, मी कचरू! वळखीत न्हाई का?"

"वळखतो. पर कामाच्या वक्ताला वळख न्हाई. कारण काय?"

"कारण निघालंय पटेल, जल्दी करा!"

"कोन्या बाजूला जाणार?"

कचरूनं बाजू सांगितली नाही. तो ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूला पळाला आणि विनापरवाना उठल्याबद्दल त्याला दुपारी हजर राहण्याची ताकीद मिळाली. सांडूला नाल्याच्या अलीकडची इजाजत होती, तो पलीकडे बसलेला आढळला. त्याला तिथून उठवून अलीकडे आणण्यात आलं. आपण गावाला केवढी शिस्त लावतोय, या आनंदात रामरावांना पहिली कळ कळलीच नाही. दुसरी आली तेव्हा मात्र ते ताडकन उठले.

"पटेल," राधाकिसन अदबीनं म्हणाला, "तुमची इजाजत?"

"माझी मीच दिली!"

"असं कसं जमंल? आपल्या अर्जावर आपणच हुकूम करायचा? तुमच्या वर तहसीलदारसाहेब. भोकरदनला माणूस धाडतो. उद्यापर्यंत यील बराबर. तवर बसा. न्हाईतर मला वर कळवावं लागंल."

रामरावांच्या डोळ्यांपुढे पटवाऱ्याचा मेहुणा उभा राहिला. ते बसले. अगदी सरळ, ताठ, श्वास रोखून बसले. त्यांच्या कपाळावर घाम डवरला. सकाळी ज्यांना त्यांनी कारण विचारलं होतं, ती मंडळी मोकळी होऊन परत आली होती आणि आता पुढे काय होतंय ते पाहायला ऐसपैस टेकली होती.

बातमी ऐकून साळूबाई आल्या. "आवो, उठा की! काय करून राह्यलेत?"

"पटेलकी जाईल," रामराव दातांतून म्हणाले.

"पटेलकी ऱ्हाईल, पर मी घरात घेईन व्हय?"

तेवढ्यात तालुक्याच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब फेरीवर आले. तट्टावरून उतरता उतरताच त्यांनी विचारलं, "इजाबत कितनों को हुई?"

"सबको दी साब," राधाकिसन म्हणाला. "पटेल की बाकी है."

"दी? इजाबत दी जाती है क्या? वो तो होती है!"

डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि ते पोट धरून हसले. शब्द इजाबत होता. इजाबत म्हणजे पोट साफ होणं. दवेनंतर ते व्हायलाच हवं, एवढंच सरकारचं म्हणणं होतं. अक्षराचा नुक्ता, म्हणजे टिंब, खाली होता, राधाकिसननं तो वर वाचला होता. खालची बाब वर नेण्याचा त्याला वर्षानुवर्षांचा सराव, त्याला तरी काय बोलणार?

म्हणजे रामराव मोकळे होते. कुणाला विचारायचं कारण उरलं नव्हतं. ते उठले, दोन पावलं गेले, थबकले, मागं वळले आणि हात जोडून म्हणाले, "मंग... जाऊ का साहेब?"

"ये मैं कैसे बोलूँ?" डॉक्टर गंभीर झाले. "मैं दवाखाने का आदमी. पटेल तहसील के ताबे में."

यावर रामरावांच्या पोटानं कोणत्याही खात्याला न विचारता निकाल दिला. गावानं माना फिरवल्या, साळूबाईंनी कपाळावर हात मारला. धोतर गेलं, पटेलकी राहिली. हुकमाची तामील पुरेपूर झाली, पटेल अखेरपर्यंत जागचे हलले नाहीत, असं वर कळवण्यात आलं आणि वरून शाबासकीही आली.

हसा, खुशाल हसा. पण साहेब समोर बोलत असताना तुमच्याही पोटात कधीतरी कळ आलीच असेल. तेव्हा खुर्चीच्या काठावर घामाघूम होऊन तुम्हीही "जी साहेब, बरोबर साहेब" करत मान हलवत राहिलात, आणि साहेबांचं पूर्ण होईपर्यंत उठला नाहीत. तुम्हाला तर कुणी चुकीचंही वाचून दाखवलं नव्हतं.