सात नंबरचा रकाना

सकाळी सव्वासातला पराते सर आमची बेल वाजवतात, ओल्या कचऱ्याच्या बादलीत नाक घालतात आणि माझ्या बायकोला विचारतात, "काल दोडके झाले वाटते, वहिनी?"

पहिल्यांदा ती संतापली होती. आता दोडका चिरतानाच म्हणते, "उद्या सर ओळखतीलच."

सर समोरच्या सात नंबरमध्ये एकटे राहतात. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. वडील हातमागावर लुगडी विणायचे, आणि माझ्या मते सरांचं खरं तत्त्वज्ञान तिथूनच आलंय. "लुगडं म्हणजे वस्तू नाही, भाऊ. धाग्याचं जाणं-येणं आहे ते. जग भी तसंच. सामान काहीच नाही इथं, सगळं होऊन राहिलं, पुरं झालं काहीच नाही." निवृत्त झाल्यावर सरांनी हे सगळं थेट कचऱ्यात उतरवलं. रोज पंधरा घरच्या बादल्या गोळा करायच्या, इमारतीमागच्या खड्ड्यात थर लावायचे, वर वाळला पाला टाकायचा. खत आमच्या कुंड्यांना, उरलेलं रस्त्यावरच्या कडुनिंबांना. संत्र्याच्या दिवसांत सालींचा ढीग पाहून त्यांचा चेहरा बारशाला आल्यासारखा होतो.

तीन नंबरच्या निखाडे काकू चिडवतात, "सर, घरचा सगळा कचरा नेता, मले काहून नाही नेत?"

"तुम्ही अजून होऊन राहिल्या, काकू. घाई काहून?"

मी सोसायटीचा सचिव. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. जिना चढताना सर कठडा धरू लागले, तेव्हा मी हिशेब मांडला. पायऱ्या बहात्तर. दर दारात सरासरी पाच मिनिटं गप्पा, म्हणजे पंधरा दारांची पंच्याहत्तर मिनिटं. प्रत्यक्ष बादली ओतायला फार तर दहा. बाकी सगळी निव्वळ गळती! म्हणून मी खड्ड्याजवळ निळं पिंप ठेवलं, शेजारी वजनकाटा आणि सरांचं घर धरून सोळा रकान्यांचा तक्ता टांगला. प्रत्येकाने आपला कचरा खाली आणायचा, वजन लिहायचं, पिंपात टाकायचा. सरांनी फक्त थर लावायचे.

"चांगलं केलं, भाऊ," सर म्हणाले. मला वाटलं, खूश आहेत.

तीन आठवडे सगळं बिनबोभाट चाललं. कचरा एक किलोनेही घटला नाही. रविवारी बेरीज करताना मात्र सात नंबरचा रकाना कोरा दिसला. एकवीसच्या एकवीस दिवस. नियम म्हणजे नियम, म्हणून विचारायला गेलो.

दार उघडंच होतं. सर दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. टेबलावर डबा, त्यातली भाजी अर्धी तशीच.

"सर, तुमची नोंद नाही."

"मेसचा डबा येते, भाऊ. त्याले साल नसते, देठ नसते. हे गेली तवापासून या घरी कचराच होत नाही." त्यांनी भिंतीवरच्या पत्नीच्या फोटोकडे नुसती मान केली. "पण पंधरा घरी काय शिजलं ते सकाळीच समजून जाये. कोणाघरी वांगे, कोणाघरी झुणका. ते आठवत डबा खाल्ला का गोड लागे."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही माह्या बहात्तर पायऱ्या वाचवल्या."

संध्याकाळी मी पिंप धुऊन गच्चीवर पालथं घातलं आणि जिन्यात सूचना लावली: उद्यापासून बादल्या आपापल्या दारातच ठेवाव्यात.

सोमवारी सव्वासातला बेल वाजली. बायकोने सरांच्या हातात मेथीची जुडी दिली. "सर, कचरा अजून व्हायचाय. निवडू लागा, मगच मिळेल."

सर तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. "भाजी काय होऊन राहिली, वहिनी?"

"हीच. बारा वाजता जेवायला या, म्हणजे होईल."

सरांनी मान खाली घातली आणि एकेक पान इतक्या हळू खुडलं की जुडीला चाळीस मिनिटं लागली. मी घड्याळ फक्त पाहिलं.

मग मी देठ खाली नेऊन वजन केलं. एकशे ऐंशी ग्रॅम. मेथी आमची, घर आमचं. नियमाप्रमाणे नोंद आमच्या सहा नंबरच्या रकान्यात जायला हवी होती.

मी ती सातमध्ये केली.